अंदाज सांगणारा काटा

ऑक्टोबरच्या भर दुपारी अंगाभोवती आवळलेली घोंगडी.

करडईच्या तेलाचं एक बोट.

काडीसारख्या पायांवर उभं असलेलं नगाऱ्याएवढं पोट.

“आमच्या घरात चोरून खायला हाय तरी काय?”

कडुनिंबाखाली, मैदानाच्या कडेला, नवा माठ.

८८८.८

मित्रांनो, दचकू नका. ते शेवटचं कुणाचं वजन नाही. मला सुरू केलं की माझ्या पडद्यावरचे सगळे अंक एकदम उजळतात, मी जागा झालो एवढंच सांगतात आणि विझतात. मग शून्य येतं आणि माझं काम सुरू होतं. माझ्या पडद्यावर एका वेळी एकच आकडा मावतो. दुसरा आला की पहिला पुसला जातो. त्यामुळे माझ्या आठवणीही अशाच आहेत, एकेक, सुट्या. पण तुमच्यासाठी मी त्या ओळीने लावून देतो.

मी काटा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माणसाचं वजन सांगतो आणि त्याच्या अंगात चरबी किती तेही सांगतो. लोक म्हणतात, “मोजतो.” मी मात्र जपून “सांगतो” असं म्हणतो. का, ते कळेलच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड काचेची पाटी, तिच्यावर चार चकचकीत पत्रे, दोन टाचांसाठी आणि दोन चवड्यांसाठी. पोटाखाली चार सेल. तुम्ही अनवाणी माझ्यावर उभे राहिलात की मी तुमच्या एका पायातून अगदी बारीक वीज सोडतो. अंगावरून मुंगी गेलेली कळते, ही तेवढीही कळत नाही. ती वीज मांडीतून वर जाते, ओटीपोटातून वळते आणि दुसऱ्या पायाने खाली येते. रक्तात आणि मांसात भरपूर पाणी असतं, तिथून ती सहज जाते. चरबीत पाणी फार थोडं, तिथे ती अडते. वीज किती अडली, तेवढंच मला खरं कळतं. उंची, वय, बाई की पुरुष हे तुम्ही बटणं दाबून सांगायचं. मग कारखान्यातल्या हुशार माणसांनी माझ्या डोक्यात घातलेलं एक सूत्र चालू होतं. वीज इतकी अडली, म्हणजे अंगात पाणी इतकं असणार. पाणी इतकं, म्हणजे मांस इतकं असणार. आणि सगळ्या वजनातून हे वजा केल्यावर जे उरेल, ती चरबी.

म्हणजे बघा, चरबी मला कधी दिसलीच नाही. ती शेवटी उरते.

ते सूत्र ज्यांच्यावर तपासलं, त्यांचे तळवे मला आठवतात. मऊ होते. बुटात राहिलेले.

१९९९ साली डॉक्टर बद्रीनाथांनी मला विकत घेतलं. त्यांचा दवाखाना बदनापूरला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी जालन्याची गाडी पकडणारी माणसं त्यांच्या दारावरूनच जायची. डॉक्टर औरंगाबादला कुठल्याशा सभेला गेले होते, तिथे त्यांनी माझ्यासारखा एक काटा पाहिला आणि त्यांना राहवेना. परतीच्या प्रवासात त्यांनी मला खाली ठेवलं नाही. मांडीवर खोकं घेऊन बसले. समोरच्या बाईने विचारलं, “मिक्सर हाय का?” डॉक्टर म्हणाले, “न्हाई माय, माणूस मोजायचं यंत्र हाय.” ती म्हणाली, “मंग आमच्या जावयाला आणा मोजून.”

माझी तारीफ सुरू झाली ती अशी, गाडीतूनच.

पहिले कित्येक आठवडे दवाखान्यात तापाची माणसं बाकावर आणि धडधाकट माणसं माझ्यापुढे रांगेत. त्यात एक होते कचरूशेठ, मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. पाय काडीसारखे बारीक, आणि त्यांच्यावर तोलून धरलेलं ते पोट! त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा जोडीने ठेवल्या आणि माझ्यावर उभे राहिले.

मी वीज सोडली. ती त्यांच्या बारीक पायांतून वर गेली, खालच्या खालीच वळली आणि परत आली. त्या पोटाच्या घेऱ्याची तिने नीट चौकशीच केली नाही. माझ्या पडद्यावर एकवीस टक्के आले.

“एकवीस म्हंजे बरं का वाईट?” कचरूशेठांनी विचारलं.

डॉक्टरांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा पोटाकडे. “बरं,” ते हळूच म्हणाले.

“बघा! आमची मंडळी रोज म्हणती, चरबी चढली, चरबी चढली. द्या चिठ्ठीवर लिहून, घरी दाखवतो.” मग खुशीत त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून दोन पेले पाणी घटाघटा प्यायलं आणि म्हणाले, “डाक्टर, एकदा आणखी बघू द्या.”

वजन वाढलं. ते वाढणारच. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, मग ते घागरीत असो की पोटात. पण ते पाणी अजून रक्तामांसात मुरलं नव्हतं, पायांपर्यंत पोचलं नव्हतं. माझ्या विजेला ते भेटलंच नाही. मला वाटलं, वजन वाढलं, पाणी तर तेवढंच, म्हणजे वाढली ती चरबीच. मी आकडा वर नेला.

“आरं!” कचरूशेठ खाली उतरले. “पाण्यानंबी चरबी वाढती?”

सगळा दवाखाना हसला. डॉक्टरही हसले. मित्रांनो, त्या दिवशी हसून झाल्यावर कुणी थोडा विचार केला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नव्या यंत्राचे पेढे आले आणि विषय राहून गेला.

०.०

आता बेबीनंदा.

बदनापूरच्या बाहेर मेंढपाळांची एक वस्ती होती. तिथल्या म्हस्कूची ही मुलगी. म्हस्कू वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचा. घर आणि थोडी कोरडवाहू जमीन साखराबाई बघायची, बेबीनंदाची आई. मुलगी अकरावीला होती आणि कबड्डी खेळायची. कशी खेळायची, ते मी पाहिलेलं नाही. पण दवाखान्यात येणारी माणसं सांगायची, की चढाईला गेली की ती कुणाच्या हाती लागत नाही. लहानपणी पळणारी कोकरं धरायची सवय; धरणारा काय करतो हे तिला आधीच कळतं.

तातेराव सर शाळेत खेळ शिकवायचे. त्यांच्या मनात एकच होतं. दिवाळीआधी जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती, आणि बेबीनंदा त्या संघात गेली पाहिजे. त्या गटाला वजनाची मर्यादा होती. मैदानात उतरण्याआधी काट्यावर उभं राहायचं. मर्यादेच्या वर भरलं तर खेळ कितीही चांगला असो, परत जायचं. बेबीनंदा मर्यादेच्या दोन किलो वर होती.

सर तिला घेऊन दवाखान्यात आले. सोबत साखराबाईही होती.

“डॉक्टर,” सर म्हणाले, “दोन किलो काढायचेत. पण ताकद जाता कामा न्हाई. नुसती चरबी गेली पायजे. तुमचा काटा बराबर सांगतो म्हणे.”

“बिलकुल बराबर,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा माझ्यावर जीव होता.

बेबीनंदा उभी राहिली. तिची बोटं माझ्या पत्र्यावर घट्ट रुतली, जणू मी पळून जाईन. मी सांगितलं: चोवीस टक्के.

“आता मावशी, तुम्हीबी या,” डॉक्टर गमतीने म्हणाले.

साखराबाई वाळक्या शेंगेसारखी होती. तिने लुगड्याचा काष्टा सावरला आणि पाय ठेवला. मित्रांनो, मी तसे पाय कारखान्यात पाहिले नव्हते. आयुष्यभर अनवाणी ढेकळं तुडवून त्यांची कातडी जाड झाली होती. टाचांना भेगा, भेगांत काळी माती. माझी वीज त्या कातडीपाशीच अडून राहिली. आत जायलाच तिला इतका त्रास झाला, की माझा हिशेब सरळ म्हणाला: अडली, म्हणजे चरबी. अडतीस टक्के.

डॉक्टरांनी आकडा वाचला. साखराबाईने आपल्या दंडाची कातडी दोन बोटांत धरून पाहिली.

“अडतीस? कुठं लपून बसली म्हणायची?” ती म्हणाली. “पोरी, बघ गं, पाठीमागं हाय का?”

बेबीनंदा खदखदून हसली. तिला मी पहिल्यांदा हसवलं आणि नंतर बरेच दिवस हसवलं नाही.

सरांनी नियम घालून दिला. दर सोमवारी शाळा सुटली की दवाखान्यात यायचं. वजन खाली, चरबी खाली. दोन्ही दिसलं पाहिजे. आणखी एक त्यांचा जुना नियम होता, सगळ्याच मुलींसाठी. सराव चालू असताना पाणी प्यायचं नाही. पाण्याने पाय जड होतात, असं त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं.

बेबीनंदाने त्यावर आपली भर घातली. वडलांची घोंगडी घरात होती, मेंढीच्या लोकरीची, पावसात पाणी आत येऊ न देणारी. ती अंगाभोवती आवळून ती दुपारच्या उन्हात गाडीवाटेने पळायची. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वेचणीला आलेल्या बायका कापसातून मान वर करून ओरडायच्या, “ए मेंढरे, हुडहुडी भरली का गं?” ती थांबायची नाही. घरी आल्यावर घोंगडी पिळता यायची. आणि तहान लागली की ती चूळ भरून टाकून द्यायची.

पुढच्या सोमवारी वजन खाली आलं. आणि चरबी? सव्वीस.

सरांनी भुवया उंचावल्या. त्या पुढच्या सोमवारी वजन आणखी खाली. चरबी अठ्ठावीस.

तिच्या अंगातून जे गेलं होतं ते पाणी होतं. मला मात्र एवढंच कळत होतं, की वीज आज जास्त अडते आहे. जिथे पाणी कमी तिथे मी चरबी वाचतो, मला दुसरं वाचता येत नाही. सुकत चाललेल्या मुलीला मी दर आठवड्याला आणखी लठ्ठ म्हणत होतो.

“बेबी, खरं सांग,” सर म्हणाले. “चोरून खातीस का?”

“न्हाई सर.”

“वजन उतरून राह्यलं अन् चरबी चढून राह्यली. म्हंजे मांस जाऊन राह्यलं. गुळशेंगदाणे खातीस न्हाईतर काय!”

“आईशप्पत न्हाई सर.”

“काटा खोटं बोलतो व्हय मंग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पडद्यावर अठ्ठावीस तसंच होतं. काही सेकंदांनी मी आपोआप बंद होतो, तसा बंद झालो.

त्याच आठवड्यात नवरात्र संपत आलं आणि खंडेनवमी आली. तुमच्या घरीही त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या, शिलाईचं यंत्र असं सगळं पुजतात. डॉक्टरांच्या पत्नी उषाबाईंनी दवाखान्यातली आयुधं पाटावर मांडली. स्टेथोस्कोप, रक्तदाब बघायचं यंत्र, इंजेक्शनच्या सुया उकळायचा डबा आणि मधोमध मी. सगळ्यात चकचकीत मीच दिसलो पाहिजे, म्हणून त्यांनी करडईच्या तेलाचं बोट माझ्या चारही पत्र्यांवरून फिरवलं, फडक्याने चोळलं, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. माझी पूजा झाली ती आयुष्यात पहिल्यांदाच. त्या दिवसाइतका मान मला नंतर मिळाला नाही, आणि त्या दिवसाइतका आंधळा मी कधी झालो नाही.

तेल विजेला जाऊ देत नाही.

दसऱ्यानंतर आख्खं बदनापूर एका रात्रीत लठ्ठ झालं. जो उभा राहील त्याची चरबी वाढलेली. डॉक्टर म्हणाले, “दसऱ्याचं गोडधोड.” कचरूशेठ एकवीसवरून तीसवर गेले आणि म्हणाले, “आता चिठ्ठी देऊ नका.” त्यांच्यावर कुणी चिडलं नाही. सगळे हसत घरी गेले.

बेबीनंदा दसऱ्यानंतरच्या सोमवारी आली. तिच्या ओठांच्या साली निघाल्या होत्या. माझ्या पडद्यावर चौतीस आले.

ती खाली उतरली. सरांनी या वेळी काही विचारलंही नाही, आणि ते तिला जास्त लागलं. निवडीला आठवडाही उरला नव्हता. त्या संध्याकाळपासून ती घरातही पाण्याला शिवेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार माणसं तिला उचलून दवाखान्यात घेऊन आली. मैदानावर चढाईला म्हणून गेली, रेषेपर्यंत पोचली आणि तिथेच बसली. बसली ती आडवी झाली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. त्यांनी हातात सुई घातली आणि सलाईन लावलं.

साखराबाई धावत आली. तिचा आवाज तिच्या आधी दवाखान्यात शिरला.

“कुठं हाय तुमचा तो काटा? दाखवा मला! म्हणतो माझी लेक चोरून खाती! आमच्या घरात चोरून खायला हाय तरी काय, सर? भाकर हाय, अन् ती मी समोर वाढती. तीन दिवस झाले, पोरगी तांब्याला हात लावून राह्यली न्हाई. मी म्हणलं, पाणी पी गं. म्हणती, आई, पाण्यानं चरबी वाढती, कचरूशेठची वाढली.”

तातेराव सर भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिले. एक थेंब, दुसरा थेंब.

रात्रभर तिला दवाखान्यातच ठेवलं. सकाळी तिने पेज खाल्ली, पाणी प्यायलं आणि ती उठून बसली. तोवर सर आले होते. आणि पहिली गोष्ट तिने काय विचारली असेल?

“डाक्टर, किती झाली?”

“बेबे, ऱ्हाऊ दे आता,” साखराबाई म्हणाली. पण ती उठलीच. माझ्यावर पाय ठेवला आणि तिची टाच सटकली. डॉक्टरांनी तिला धरलं, मग खाली वाकून पत्र्यावर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

“उषा,” त्यांनी आत हाक मारली, “याच्यावर तेल कुणी लावलं?”

“खंडेनवमीला मीच लावलं की! नुसता धूळ खात पडल्ता.”

डॉक्टरांनी कापसावर स्पिरिट घेतलं आणि चारही पत्रे घासून पुसले. किती दिवसांनी मला पुन्हा दिसायला लागलं म्हणून सांगू! बेबीनंदा उभी राहिली. वजन सोमवारच्यापेक्षा पावणेदोन किलो जास्त. चरबी तेवीस.

सर पुढे झाले. “वजन वाढलं अन् चरबी उतरली? रात्रीत? सलाईननं चरबी उतरती व्हय?”

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “तेल पुसलं म्हणून उतरली, का अंगात पाणी गेलं म्हणून उतरली?” त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हातातला तेलकट कापूस बाजूला ठेवला. मग साखराबाईकडे वळून म्हणाले, “मावशी, ती घोंगडी पाठवता का?”

पुढचं दृश्य मी दारातून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. भर दुपारी डॉक्टर बद्रीनाथ घोंगडी गुंडाळून स्टेशनच्या रस्त्याने पळत आहेत. चहाच्या टपरीवरचे लोक उभे राहिले. “डाक्टर, पोलीस मागं लागले का?” “आरं त्यांना थंडी वाजून राह्यली, कुणीतरी इंजेक्शन द्या!” कचरूशेठ दुकानातून बाहेर येऊन म्हणाले, “शिकलेल्या माणसाला ऊन लवकर लागतं.” डॉक्टर तासाभराने परत आले तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. पाय पुसले, पत्रे पुसले, निघताना उभे राहिले होते तसे पुन्हा माझ्यावर उभे राहिले. पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

वजन खाली. चरबी वर.

मग ते पोटभर पाणी प्याले, जेवले, झोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे राहिले. पत्र्यांवर आता तेल नव्हतं. वजन जागेवर आलेलं आणि चरबी आदल्या दुपारपेक्षा कमी.

त्यांनी सरांना आणि बेबीनंदाला बोलावून घेतलं.

“सर, एका दुपारीत माझी चरबी वाढली अन् झोपून उठल्यावर उतरली. असं होत न्हाई. हा काटा पाणी बघतो आणि चरबीचा अंदाज बांधतो. पोरगी चोरून खात नव्हती. सुकत होती. आणि मी डॉक्टर असून तिच्या ओठांकडं बघितलं न्हाई, याच्याकडं बघत बसलो.”

“मंग माझी खरी चरबी किती?” बेबीनंदाने विचारलं.

“मला न्हाई माहीत. यालाबी न्हाई.”

“मंग मी बघू काय?”

“दम किती टिकतो ते बघ. कपडे कसे बसतात ते बघ. अन् याला विचारायचंच असलं तर रोज एकाच वेळी विचार, पाणी पिऊन, पाय धुऊन. एका दिवसाचा आकडा सोडून दे. महिन्याभरात तो कुणीकडं चाललाय तेवढं ऐक.”

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. उलट हलकं वाटलं. तोवर लोक माझ्याकडून जे मागत होते, ते माझ्याजवळ नव्हतंच.

प्रश्न मात्र उरला होता. खाऊन पिऊन बेबीनंदा मर्यादेच्या थोडी वर होती आणि निवड परवावर आली होती.

सर घसा साफ करत म्हणाले, “फार न्हाई. अर्धा-पाऊण किलो. एक दिवस पाणी तोडलं तर निघतंय. फक्त एक दिवस. मंग पी म्हणावं कितीबी.”

 साखराबाईने पदर कमरेला खोचला. सगळे बेबीनंदाकडे बघत होते.

“बघते,” ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी मी दवाखान्यातच होतो. निवडीच्या मैदानावर दुसरा काटा होता, साधा, लोखंडी, सरकत्या वजनांचा. त्याला पाणी आणि चरबी यांतलं काही कळत नव्हतं आणि तो कळल्याचा आवही आणत नव्हता. त्याच्यावर बेबीनंदा मर्यादेपेक्षा अर्धा किलो जास्त भरली. तिला परत पाठवलं.

सर परतीच्या वाटेत तिच्याशी बोलले नाहीत. तिची माफीही त्यांनी कधी मागितली नाही. पण दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली नवा माठ होता, त्यावर झाकण आणि झाकणावर पेला. तो स्वतः सायकलवरून आणताना सरांना कचरूशेठांनी पाहिलं होतं. “सर, पाय जड होत्याल की पोरींचे!” ते ओरडले. सर म्हणाले, “होऊ द्या.”

पुढच्या हंगामात बेबीनंदा मोठ्या बायकांच्या संघात खेळली. तिथली मर्यादा तिच्या वजनाच्या कितीतरी वर होती.

नंतर माझे वाईट दिवस आले, पण फार वाईट नाही. डॉक्टरांचा माझ्यावरचा जीव उतरला. माझे सेल भिंतीवरच्या घड्याळाला गेले. काही वर्षं माझ्यावर औषधांची खोकी होती. एकदा एक मांजर माझ्यावर व्यायली आणि महिनाभर मी पाच जिवांचा पाट झालो. आकडा कुणी विचारला नाही. ते दिवस मला आवडले.

मग एक दिवस दवाखान्यात एक बाई आल्या. गळ्यात शिट्टी, पायात बूट. बूट काढून त्या माझ्यावर उभ्या राहिल्या आणि बोटं पत्र्यावर घट्ट रुतली. ती बोटं मी ओळखली. बेबीनंदा परतूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली होती. “डाक्टर, ह्यो नेऊ का?” तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तो खोटं बोलतो, ठाऊक आहे ना?” ती म्हणाली, “खोटं न्हाई बोलत. अंदाज सांगतो. मला त्याची सवय हाय.”

आता मी परतूरला आहे, शाळेच्या खेळाच्या खोलीत, दोरखंड आणि चेंडूंच्या जाळीच्या शेजारी. सकाळी सरावाआधी मुली येतात. आधी हापशावर पाय धुतात, पुसतात, मग माझ्यावर उभ्या राहतात. कुणी रडवेली होऊन म्हणते, “मॅडम, माझी चरबी वाढली!”

“रात्री पाणी प्यालीस?”

“विसरले.”

“सकाळी?”

“न्हाई.”

“मंग चरबी न्हाई वाढली, अक्कल वाळली. जा, पिऊन ये. उद्या बघू.”

मित्रांनो, तुमच्या घरी, दवाखान्यात, व्यायामशाळेत माझी धाकटी भावंडं आता खूप झाली असतील. ती माझ्यापेक्षा हुशार असतील, त्यांच्या डोक्यातली सूत्रंही सुधारलेली असतील. तरी त्यांनाही शेवटी पाण्यावरूनच चरबीचा अंदाज बांधावा लागतो. त्यांच्यावर पाय ठेवण्याआधी पत्रे कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावू नका; पूजा करायचीच असेल तर लांबून फूल वाहा. वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतल्या आत गळतात. आणि आकडा वाईट आला तर आधी स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवून बघा. माझी एवढीच विनंती आहे.

मी समाधानी आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, डावीकडचा एक पत्रा जरा सैल आहे, पण रोज सकाळी कुणीतरी मला जागं करतं. ८८८.८ येतं आणि जातं.

निवडीच्या दिवशी सकाळी घरून निघताना बेबीनंदाने तांब्याभर पाणी प्यायलं होतं.